दार, चूल आणि माणूस : एका शेतकी जिल्ह्याच्या वाढीचे अंदाज



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी गोव्याच्या उत्तर सीमेवरील या गावात मराठी शाळा उभी केली आणि ती निष्ठेने चालवली. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानाचे निमंत्रण मला मिळाले, हा मी माझा बहुमान समजतो. विषय कळवल्यावर संस्थेच्या चिटणिसांनी सौजन्याने विचारले, "सर, हा विषय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचा नव्हे काय?" प्रश्न रास्त होता. माझे आयुष्य मराठी व्याकरण आणि जुने ग्रंथ शिकवण्यात गेले. आकडेशास्त्रावर माझा अधिकार नाही. परंतु एखाद्या भागाची लोकसंख्या पुढे किती होईल, घरे किती लागतील, याचे अंदाज जेव्हा ग्रामसभेपुढे येतात, तेव्हा ते केवळ आकड्यांत येत नाहीत, शब्दांत येतात. त्या शब्दांचा अर्थ कसा लावला जातो, यावर शेत शेत म्हणून राहणार की नाही, हे पुष्कळदा ठरते. शब्दांचा अर्थ लावणे हे मात्र माझे काम आहे. तेवढ्या अधिकारात राहून मी बोलणार आहे.

उदाहरण म्हणून मी तेरेखोल नदीपलीकडचा सिंधुदुर्ग जिल्हा घेतला आहे. आपल्यापैकी अनेकांची मुळे, सोयरिकी आणि कुलदैवते त्या बाजूला आहेत. भात, आंबा, काजू आणि नारळ यांवर जगणारा हा जिल्हा आहे. त्याच्याविषयी जे अंदाज बांधले गेले आणि प्रत्यक्षात जे घडले, त्यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम तीन शब्दांकडे पाहू. आज आपण 'जनगणना' म्हणतो. आपल्या आजोबांच्या पिढीचा शब्द होता 'खानेसुमारी'. तिसरा, बोलीतला शब्द 'शिरगणती'. हे तिन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांची व्युत्पत्ती पाहिली तर ते एक नाहीत. फारसी 'खाना' म्हणजे घर आणि 'शुमार' म्हणजे मोजदाद. तेव्हा खानेसुमारी म्हणजे मुळात घरांची मोजणी. जनगणना ही जनांची, शिरगणती ही डोक्यांची. आपल्या पूर्वजांना घरे मोजली म्हणजे माणसे मोजल्यासारखेच वाटत असावे, कारण घर होते तेथे माणसे होतीच.

आधुनिक जनगणनेने या दोन मोजण्या वेगळ्या ठेवल्या आहेत. आधी घरांची नोंद होते, नंतर माणसांची. तिच्या व्याख्याही पाहण्यासारख्या आहेत. जनगणनेच्या भाषेत 'घर' म्हणजे रस्त्यावरून, अंगणातून किंवा सामाईक जिन्यावरून ज्याला स्वतंत्र मुख्य दार आहे अशी इमारत वा इमारतीचा भाग. मग त्यात दुकान असो, शाळा असो, की कोणीच नसो. 'कुटुंब' म्हणजे सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातले अन्न खाणारी माणसे. म्हणजे घराची खूण दार आणि कुटुंबाची खूण चूल. भाऊ वेगळे निघाले की आपण 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणतो. सरकारी व्याख्येने आपल्या बोलीतली हीच जाण स्वीकारली आहे. दार, चूल आणि माणूस, या तीन वेगवेगळ्या मोजण्या आहेत, एवढे आपण आज लक्षात ठेवावे. माझ्या पुढील सर्व विवेचनाचा आधार तेवढाच आहे.

आता पलीकडचे आकडे पाहू. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. १९९१ साली त्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख ३२ हजार होती. २००१ साली ती ८ लाख ६८ हजार ८२५ झाली. दहा वर्षांत साधारण ४.४ टक्के वाढ झाली होती. २००१ साली एखाद्याने सरळ त्रैराशिक मांडले असते, तर २०११ साठी त्याचे उत्तर सुमारे ९ लाख ७ हजार आले असते. त्यातही तो काळ आशेचा होता. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला होता. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली होती. त्यामुळे वाढ आता पूर्वीपेक्षा अधिक वेगाने होईल, असेच कोणीही विचारी मनुष्य म्हणाला असता. महाराष्ट्र राज्याची २००१ ते २०११ या दशकातील वाढ जवळजवळ १६ टक्के झाली. तो दर या जिल्ह्याला लावला असता तर लोकसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली असती.

प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा आकडा आला ८ लाख ४९ हजार ६५१. वाढ तर नाहीच, उलट २.२ टक्के घट. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात ४.८ टक्के घट झाली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा सुमारे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या मुंबईकडे कोकणचा चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या गेला, त्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही या दशकात घटली. दोन टोकांना घट आणि मधल्या उपनगरी पट्ट्यात प्रचंड वाढ, असे हे चित्र आहे. आगगाडी आली की गाव वाढते, अशी आपली समजूत असते. परंतु रूळ दोन्ही दिशांना जातात. जी गाडी पर्यटकाला आणते, तीच गाडी बारावी झालेल्या मुलाला घेऊन जाते.

असे का झाले हे समजण्यासाठी अंदाज कसा बांधतात ते थोडक्यात पाहिले पाहिजे. कोणत्याही भागाची लोकसंख्या तीनच कारणांनी बदलते : जन्म, मृत्यू आणि माणसांचे जाणे-येणे. तज्ज्ञ लोकसंख्येचे पाच-पाच वर्षांचे वयोगट करतात. प्रत्येक गटातील किती माणसे पुढच्या गटात पोहोचतील, स्त्रियांना किती अपत्ये होतील, किती लोक बाहेर जातील आणि किती येतील, हे धरून पुढचे चित्र काढतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे आणि मोठ्या प्रदेशासाठी ती बरीच विश्वसनीय ठरते, कारण जन्म-मृत्यूचे प्रमाण सावकाश बदलते. आज पन्नास वर्षांची असलेली व्यक्ती वीस वर्षांनी सत्तरीची होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण प्रदेश जसजसा लहान होत जातो, तसतसे जाण्या-येण्याचे वजन वाढत जाते. राज्यातल्या राज्यात कोणी गाव बदलले तर राज्याच्या बेरजेत फरक पडत नाही. तालुक्याच्या बेरजेत मात्र एका घाटरस्त्याने, एका कारखान्याने, एका विमानतळाने सगळे गणित उलटते. शेतकी जिल्ह्याचे अंदाज चुकतात ते प्रामुख्याने येथे. जन्माची नोंद होते, मृत्यूची होते. गाव सोडून जाणाऱ्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

या जाण्याचे स्वरूपही बदलले आहे आणि त्याची खूण आकड्यांत दिसते. २०११ साली महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे हजाराहून अधिक स्त्रिया असलेले दोनच जिल्हे होते : रत्नागिरी (१,१२२) आणि सिंधुदुर्ग (१,०३६). हे काही स्त्रीजन्माच्या स्वागताचे लक्षण नव्हे. पुरुष पोटासाठी बाहेर गेल्याचे ते लक्षण आहे. सिंधुदुर्गात हेच प्रमाण २००१ साली १,०७९ होते. दहा वर्षांत ते खाली का आले? मला त्याचा एक अर्थ असा दिसतो की, पूर्वी एकटा पुरुष जात असे. बायकामुले आणि म्हातारी माणसे गावी राहत, मुंबईच्या गिरणीतून मनिऑर्डर येई आणि गावची चूल पेटती राही. आता जोडपेच जाते. मुलांची शाळा तिकडेच होते. पूर्वी चुलीवरचा एक माणूस जात असे, आता चूलच जाते. जिल्ह्याच्या बेरजेत हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. गावच्या शाळेच्या पटावर आणि भाताच्या कुणग्यात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता घरांकडे वळतो. माणसे कमी झाली तर घरेही कमी लागतील, असे कोणाला वाटेल. तसे घडत नाही. एक साधे गणित मांडतो. समजा एका गावात हजार माणसे आहेत आणि एका चुलीवर सरासरी पाच जण जेवतात. चुली झाल्या दोनशे. काही वर्षांनी माणसे नऊशे उरली, पण एका चुलीवर आता चारच जण जेवतात. चुली झाल्या सव्वादोनशे. माणसे एक दशांशाने घटली आणि चुली एक अष्टमांशाने वाढल्या. त्यात जे मुंबईला गेले त्यांनी गावी वर्षातले पंधरा दिवस राहण्यासाठी बांधलेली नवी घरे मिळवा. म्हणजे दारे आणखी वाढली. मोडका मांगर पाडून तेथे सिमेंटचा बंगला उभा राहतो, कुलूप मात्र तेच राहते.

हे केवळ कोकणचे चित्र नाही. २००१ ते २०११ या काळात देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, तर जनगणनेत मोजलेली घरे सुमारे ३३ टक्क्यांनी वाढली. २०११ साली देशात ३३ कोटींवर घरे होती आणि त्यांपैकी सुमारे २ कोटी ४७ लाख रिकामी होती. म्हणून घरांची वाढ दाखवून कोणी 'येथे लोकसंख्या वाढत आहे' असे म्हणू लागला, तर त्याने खानेसुमारी केली आहे, जनगणना केलेली नाही, हे आपण ओळखावे.

नदीच्या अलीकडे, आपल्या गोव्यात, हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा आहे. १९६० साली गोव्याची लोकसंख्या सुमारे ५ लाख ९० हजार होती. २०११ साली ती १४ लाख ५८ हजारांवर गेली. पन्नास वर्षांत जवळजवळ अडीचपट. परंतु शेवटच्या दशकातील वाढ ८.२ टक्के, म्हणजे देशाच्या निम्म्याहूनही कमी होती. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे गोव्यात एका स्त्रीमागे सरासरी १.३ अपत्ये आहेत. लोकसंख्या जागच्या जागी राहण्यासाठी २.१ लागतात. तरीही बांधकामे थांबलेली नाहीत, आणि २०११ सालीच गोव्यातील साधारण दर पाचव्या घरात कोणी राहत नव्हते. पलीकडे बंद घर आहे, अलीकडेही बंद घर आहे. शब्द एकच, पण अर्थ दोन. तिकडच्या बंद घरातली माणसे निघून गेली आहेत. इकडच्या कित्येक बंद घरांत माणसे कधी राहायला आलेलीच नाहीत. ती घरे राहण्यासाठी नव्हे, तर पैसा गुंतवण्यासाठी घेतलेली आहेत. तिकडचे कुलूप चतुर्थीला आणि मे महिन्यात तरी निघते. कोणताही अंदाज या दोन कुलपांत भेद करीत नसेल, तर तो आंधळा आहे असे मी म्हणेन.

शिवाय सीमेवरच्या माणसाचे काय? बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या बाजूचे कितीतरी तरुण रोज सकाळी दुचाकीने गोव्यात कामाला येतात आणि रात्री परततात. त्यांची चूल तिकडे, घाम इकडे. जनगणना त्यांना तिकडचे मानते, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्यासाठी लागणारा रस्ता, बस आणि दवाखान्यातली खाट इकडे लागते. उलट चतुर्थीच्या आठवड्यात तिकडच्या गावात पाणी लागते ते फेब्रुवारीत मोजलेल्या माणसांहून कितीतरी अधिक माणसांना. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीतच झाली होती. फेब्रुवारीचे गाव आणि चतुर्थीचे गाव ही दोन वेगळी गावे आहेत.

आता मी माझ्या विषयाकडे, म्हणजे व्याकरणाकडे येतो. या अंदाजांना शास्त्रीय भाषेत 'प्रक्षेप' म्हणतात. प्रक्षेप म्हणजे पुढे फेकणे. दगड ज्या दिशेला फेकावा त्या दिशेला जातो. वाटेत वारा येईल की भिंत, हे त्याला ठाऊक नसते. हा शब्द आम्हा जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांना दुसऱ्या अर्थाने परिचित आहे. मूळ ग्रंथात मागाहून कोणी घुसडलेल्या ओव्यांना आम्ही 'प्रक्षिप्त' म्हणतो. एका पोथीत शिरलेली ओवी नकलकार दुसऱ्या पोथीत उतरवतो, दुसऱ्यातून ती तिसऱ्यात जाते, आणि शंभर वर्षांनी ती मूळ ग्रंथकाराचीच आहे असे लोक शपथेवर सांगतात. आकड्यांचेही तेच होते. एका अहवालात 'असे असे गृहीत धरल्यास' म्हणून एक आकडा येतो. दुसरा अहवाल तो घेताना 'गृहीत धरल्यास' गाळतो. तिसरा अहवाल त्यावरून जमिनीची मागणी काढतो. चौथ्यात तो आकडा वस्तुस्थिती होऊन बसतो.

आपले शालेय व्याकरण क्रियापदाचे चार अर्थ सांगते : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'पाऊस पडेल' हा स्वार्थातला भविष्यकाळ. 'पाऊस पडला तर पीक येईल' येथे एक अट आहे, म्हणून तो संकेतार्थ. लोकसंख्येचा प्रत्येक अंदाज हे मुळात संकेतार्थी वाक्य असते : जन्माचे प्रमाण असे राहिले, माणसे इतकीच गेली, इतकीच आली, तर संख्या अमुक होईल. ते लिहिणाऱ्या तज्ज्ञाला हे पक्के ठाऊक असते आणि तो ते लिहितोही. वाचणारे मात्र 'तर'च्या आधीचा भाग सोडून देतात आणि संकेतार्थाचा साधा भविष्यकाळ करतात. पुढे कोणी त्याचा आज्ञार्थही करतो : 'इतकी माणसे येणार आहेत, तेव्हा इतकी जमीन मोकळी करा.' श्रोतेहो, मला जे सांगायचे आहे त्याचे सार एवढेच आहे. अंदाज वाईट नसतात. त्यांचा अर्थ बदलून वाचला जातो, हे वाईट आहे.

आज ही सावधगिरी अधिक आवश्यक झाली आहे. २०२१ ची जनगणना महासाथीमुळे झाली नाही. १ मार्च २०२७ हा संदर्भ-क्षण ठरवून नव्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. ती मोजणी पूर्ण होऊन आकडे हाती येईपर्यंत, कोणत्याही तालुक्याची 'आजची लोकसंख्या' म्हणून जो आकडा आपल्यापुढे ठेवला जातो तो मोजलेला नाही. २०११ वरून पुढे फेकलेला आहे. मधल्या काळात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, मोपाचा डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटित झाला. त्यांचा परिणाम २०११ च्या आकड्यांत कोठून दिसणार? मोपाच्या परिसरात माणसे वाढतील की केवळ दारे वाढतील, हे अजून कोणी मोजलेले नाही.

मग ग्रामसभेत बसणाऱ्या सामान्य नागरिकाने काय करावे? अंदाज समोर आला की त्याने चार गोष्टी विचाराव्यात. हा आकडा दारांचा, चुलींचा की माणसांचा? जाणाऱ्या-येणाऱ्यांची संख्या कशावरून धरली? एकच आकडा दिला आहे, की कमी, मध्यम आणि अधिक असे तीन? आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची : हा अंदाज चुकला तर किंमत कोण भरणार?

या चौथ्या प्रश्नावर क्षणभर थांबतो. अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. पण दोन्ही चुका सारख्या नसतात. माणसे अपेक्षेपेक्षा अधिक आली, तर चार-पाच वर्षे वर्गात दाटी होईल, नळाला पाणी कमी येईल. खोल्या वाढवता येतील, टाकी बांधता येईल. माणसे आलीच नाहीत आणि आपण त्यांच्यासाठी खाजन बुजवून टाकले, खेर आणि मोरड रूपांतरित केले, तर ते शेत पुन्हा मिळत नाही. खाजनाचा बांध आणि मानस यांमागे पिढ्यांचे श्रम असतात. मातीचा भराव टाकायला आठवडा पुरतो. म्हणून जी गोष्ट मागे घेता येते ती अंदाजावर करावी, आणि जी मागे घेता येत नाही ती मोजणीवाचून करू नये. गोमंतकीयांना हे नवीन नाही. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा लोकांनी उठवलेल्या आवाजामुळे २००७ च्या आरंभी मागे घ्यावा लागला होता.

शाळांनाही हाच न्याय लागू आहे. पट घटला म्हणून शाळा बंद करणे ही सहजासहजी मागे घेता न येणारी गोष्ट आहे. वाडीवरची शाळा बंद झाली की पुढचे तरुण जोडपे गावी राहण्याचा विचारच करीत नाही. मग पट घटेल हा अंदाज स्वतःच स्वतःला खरा करून दाखवतो.

गुरुजींच्या पिढीतील शिक्षक दर वर्षी वाडीवाडीवर फिरून दाखलपात्र मुलांची यादी करीत. चार वर्षांचे मूल कोणाच्या अंगणात खेळते आहे, कोणती सासुरवाशीण बाळंतपणाला माहेरी आली आहे, कोणाचा मुलगा बिऱ्हाड घेऊन वास्कोला निघाला आहे, हे त्यांना ठाऊक असे. ती यादी हाही एक अंदाजच होता; दोन वर्षांनी पहिलीत किती मुले येतील याचा. तो क्वचितच चुके, कारण तो जन्मलेल्या मुलांवर आधारलेला असे आणि चुलीपाशी उभे राहून केलेला असे. आजही प्रत्येक पंचायत हे करू शकते. वर्षातून दोनदा, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा चतुर्थीत, गावातील उघडी दारे, पेटत्या चुली आणि माणसे मोजावीत. बंद घरांपैकी कोणती घरे कुलूप लावून गेलेल्यांची आणि कोणती कधीच न आलेल्यांची, हे वेगळे लिहावे. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. शाळेतली मोठी मुले आणि एक वही पुरते. अशी पाच वर्षांची वही ज्या गावापाशी असेल, त्या गावाला बाहेरून आलेल्या कोणत्याही आकड्यापुढे मान तुकवावी लागणार नाही.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या पदांवर आहेत. कोणी पंचायतीत आहेत, कोणी नगरनियोजनात, कोणी बांधकामाच्या व्यवसायात, आणि पुष्कळसे गावाबाहेर. त्यांना माझी एकच विनंती आहे. जनगणनेचा प्रगणक दारी येईल तेव्हा त्याला नेमके उत्तर द्या : चूल कोठे आहे, माणसे कोठे राहतात, कुलूप किती महिने असते. गावाविषयीच्या प्रेमाने मुंबईतल्या मुलाचे नाव गावच्या घरात घालू नका. त्या एका नावाने गाव वाढत नाही. गावाचे दुखणे मात्र झाकले जाते. आणि झाकलेल्या दुखण्यावर औषध मिळत नाही.